नळ्या बसवल्यानंतर पुन्हा एमआरआय कशासाठी?

*डॉक्टर, माझं वय ४८. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, टप्पा २-बी. बाहेरून २५ शेक आणि दर आठवड्याची केमो गेल्या आठवड्यात संपली. अंगावरून जाणं थांबलं आहे. तपासून डॉक्टर म्हणाले की गाठ बरीच विरघळली. आता आतून चार वेळा किरण द्यायचे आहेत. भूल देऊन आत नळ्या बसवणार आणि त्या तशाच ठेवून एमआरआय काढणार, असं सांगितलं. सुरुवातीला एमआरआय झालेलाच आहे, मग पुन्हा कशाला? अंगावर साधी पिनसुद्धा ठेवू न देणारी माणसं पोटात धातूच्या नळ्या घालून मला त्या मशीनमध्ये कशी सरकवतात? दुसऱ्या एका रुग्णालयात फक्त सीटी काढून हेच उपचार होतात म्हणे. ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, बाहेरूनच आणखी थोडे शेक घे, आतलं नको. घरात लहान नात आहे, तिला जवळ घेता येईल का? आणि खरं सांगू? तशा अवस्थेत, सगळ्यांसमोर, तासन्‌तास पडून राहायचं याचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते आहे.*

ताई,

तुमच्या ओळखीच्या बाईंच्या सल्ल्यापासून सुरुवात करते. तिथे निर्णय चुकला तर पुढच्या उत्तरांचा काही उपयोग राहणार नाही. बाहेरूनच आणखी शेक घेऊन आतले टाळायचे, असं कृपा करून करू नका.

बाहेरून येणारा किरण गाठीपर्यंत पोचण्याआधी आणि पोचल्यानंतरही आतडी, मूत्राशय आणि गुदाशयातून जातो. तुम्हाला २५ दिवसांत मिळाला असेल साधारण ४५ ग्रे इतका डोस (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचं माप). या अवयवांना तेवढा सोसतो. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर मुळापासून जायचा असेल तर तिथे एकूण ८५ ग्रेच्या आसपास किंवा त्याहून जास्त डोस पोचावा लागतो. तो सगळा बाहेरून द्यायला गेलं तर आतड्यांना कायमची इजा होऊ शकते. शिवाय गर्भाशय एका जागी स्थिर नसतं. मूत्राशय भरलं की ते मागे कलतं, रिकामं झालं की पुढे येतं, आणि बाहेरचं मशीन कितीही अचूक असलं तरी हलत्या जागेभोवती थोडा जास्तीचा भाग धरावाच लागतो.

आतून किरण देताना, म्हणजे ब्रेकीथेरपीत, किरणांचा उगम गाठीच्या मधोमध असतो. नळी गर्भाशयातच बसलेली असल्यामुळे गर्भाशय हललं तर तीही सोबत हलते. उगमापासून अंतर दुप्पट झालं की डोस साधारण एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे गाठीला भरपूर डोस मिळतो आणि दोन-तीन सेंटीमीटरवर असलेलं गुदाशय वाचतं. चार वेळा ७ ग्रे म्हणजे २८ ग्रे हा आकडा लहान वाटेल. पण एका बैठकीत दिलेल्या मोठ्या डोसचा गाठीवर जास्त परिणाम होतो. रोजच्या २ ग्रेच्या हिशेबात बदलून पाहिलं तर हे २८ ग्रे सुमारे ४० ग्रेइतके भरतात. बाहेरच्या शेकात ते मिळवले की बेरीज ८५ च्या जवळ जाते. तुमच्या उपचारांचा जवळजवळ अर्धा भाग अजून शिल्लक आहे. अंगावरून जाणं थांबलं, बरं वाटायला लागलं, म्हणून पुष्कळ जणी याच टप्प्यावर मागे फिरतात, आणि त्यांची मला फार काळजी वाटते.

आता एमआरआयबद्दल. डोस इतक्या झपाट्याने उतरतो हे या उपचाराचं बळ आहे, आणि तीच त्याची जोखीमही आहे. नळीपासून गाठीची कड नक्की किती लांब आहे हे ठाऊक नसेल, तर पाच मिलिमीटरच्या चुकीनेही फरक पडतो. कड जिथे धरली त्याच्या थोडी पलीकडे असेल तर तिथल्या पेशी अर्धवट डोसवर जगून राहतात. कड अलीकडे असेल तर निरोगी मूत्राशयावर उगाच मारा होतो.

पूर्वी ही कड दिसतच नसे. १९३८ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 'पॉइंट ए' नावाचा एक बिंदू ठरवला. योनीच्या वरच्या टोकापासून २ सेंटीमीटर वर आणि गर्भाशयाच्या मधल्या मार्गापासून २ सेंटीमीटर बाजूला, अशी त्याची जागा. त्या बिंदूला ठरावीक डोस मिळाला म्हणजे उपचार झाला, असं मानलं जाई. त्या काळातलं ते मोठंच काम होतं आणि त्या हिशेबावर असंख्य स्त्रिया बऱ्या झाल्या. पण समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये नळ्या दिसत, मूत्राशयातल्या कॅथेटरचा फुगा दिसे, गाठ मात्र दिसत नसे. एकीची गाठ लिंबाएवढी आणि दुसरीची डाव्या बाजूला पसरलेली असली तरी दोघींचा हिशेब एकाच बिंदूवर होई. पहिलीच्या आतड्यांना गरजेपेक्षा जास्त डोस जाई आणि दुसरीची डावी कड उपाशी राही.

एमआरआयने हे बदललं. या मशीनमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओ लहरींच्या मदतीने शरीरातल्या पाण्याचा प्रतिसाद टिपला जातो. निरोगी गर्भाशयमुखाची भिंत घट्ट तंतूंची असते, ती टी-२ प्रकारच्या चित्रात काळसर दिसते. त्या काळसर कड्यात गाठ उजळ, राखाडी उठून दिसते. कडं कुठे तुटलं आहे, गाठ त्यातून बाजूच्या उतींमध्ये किती शिरली आहे, हे डोळ्यांनी पाहता येतं. सीटीमध्ये गाठ आणि गर्भाशयमुख जवळपास एकाच छटेचे दिसतात, त्यामुळे कड अंदाजाने आखावी लागते, आणि तो अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा रुंद निघतो.

युरोपातल्या जीईसी-एस्ट्रो या ब्रेकीथेरपी तज्ज्ञांच्या गटाने २००५ आणि २००६ साली एमआरआय पाहून काय काय आखायचं याचे नियम मांडले. जगभरात अजूनही त्याच भाषेत काम चालतं. उरलेली गाठ, संपूर्ण गर्भाशयमुख आणि जिथे आधी आजार होता तिथे आता दिसणाऱ्या राखाडी छटा, हे सगळं मिळून एक आकार आखतात. त्या आकाराच्या ९० टक्के भागाला किमान ८५ ग्रे मिळावेत असा प्रयत्न असतो. मूत्राशयाच्या ज्या २ घन सेंटीमीटर भागाला सर्वांत जास्त डोस जातो त्याला साधारण ९० ग्रेची मर्यादा, गुदाशयाच्या तशाच भागाला ७५ ची. जमेल तिथे याहूनही खाली राहतात. गाठ पूर्ण विरघळलेली दिसली तरी गर्भाशयमुख त्या आकारातून वगळत नाहीत, कारण चित्रात न दिसणाऱ्या पेशी तिथेच असू शकतात.

मग तुमचा सुरुवातीचा एमआरआय का चालत नाही? त्यातली गाठ आता तशी राहिलेली नाही, हे तर तुम्हाला सांगितलंच आहे. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. नळी बसली की तुमचं पोट आतून वेगळं दिसतं. गर्भाशय सरळ होतं, योनीत भरलेल्या कापडी पट्ट्यांमुळे मूत्राशय पुढे आणि गुदाशय मागे ढकललं जातं, वर आतड्याचं एखादं वेटोळं गर्भाशयाला टेकलेलं असतं. डोस याच स्थितीत द्यायचा असतो, त्यामुळे चित्रही याच स्थितीतलं हवं. जुना एमआरआय मात्र वाया जात नाही. नव्या चित्राशेजारी तो उघडून ठेवतात आणि सुरुवातीला आजार कोणत्या बाजूला होता ते ताडून पाहतात. त्याची सीडी बरोबर न्या.

नव्या चित्रात कधी असंही दिसतं की उरलेला आजार एका बाजूला जास्त आहे आणि मधल्या नळीचा डोस तिथवर पोचणार नाही. अशा वेळी नळीच्या तळाशी असलेल्या कड्यातल्या छिद्रांतून त्या बाजूला काही बारीक, पोकळ सुया घालतात. 'तुम्हाला सुयाही लागतील' असं कुणी म्हणालं तर आजार वाढला असा अर्थ काढू नका.

चुंबकाची भीती रास्त आहे. तुमच्यासाठी वापरतील तो ॲप्लिकेटर, म्हणजे या नळ्यांचा संच, एमआरआयला चालेल असाच घडवलेला असतो, टायटॅनियमचा किंवा प्लास्टिक वा कार्बन फायबरचा. यातलं काहीही चुंबकाकडे खेचलं जात नाही. टायटॅनियमभोवती चित्र थोडं विस्कटतं आणि ते लक्षात घेऊनच आखणी होते. साधे स्टीलचे ॲप्लिकेटर या कामाला वापरत नाहीत. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना कुणी सांगतच नाही: एमआरआयच्या वेळी तुमच्या आत किरणोत्सर्गी काहीही नसतं. नळ्या रिकाम्या असतात. धोका असलाच तर तो तुमच्या शरीरात आधीपासून असलेल्या धातूचा. पेसमेकर, मेंदूच्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण, यातलं काही असेल तर विचारण्याची वाट पाहू नका, आधी सांगा. पहिल्या एमआरआयला सांगितलं होतं, म्हणून या वेळी राहून गेलं, असं होऊ देऊ नका. आतड्यांची हालचाल मंदावण्यासाठी कधी एक इंजेक्शन देतात, म्हणून काचबिंदू असेल तर तेही सांगा.

दुसऱ्या रुग्णालयातल्या सीटीबद्दल. तिथले उपचार चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. प्रत्येक वेळी एमआरआय मिळणं अनेक ठिकाणी शक्य नसतं आणि त्यावर चांगले मार्ग निघाले आहेत. पहिल्या डोसला नळ्यांसह एमआरआय आणि पुढच्या डोसांना सीटी, हा एक. नळ्या बसवण्याच्या एक-दोन दिवस आधी एमआरआय आणि नळ्यांसह सीटी, हा दुसरा. नळी बसवताना सोनोग्राफी लावून ती गर्भाशयातच आहे, भिंत भेदून गेलेली नाही, याची खात्री करणं हे तर दोन्हीकडे व्हायला हवं. तुम्हाला जिथे एमआरआय मिळतो आहे तिथून उठून, तो चुकवण्यासाठी दुसरीकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. गाठ २-बी होती, म्हणजे ती गर्भाशयमुखाच्या बाहेर बाजूला गेली होती, आणि ती बाजूच एमआरआयमध्ये सीटीपेक्षा नीट दिसते.

पण उलट परिस्थिती उद्भवली तर माझं मत तितकंच ठाम आहे. एमआरआयचं मशीन बंद आहे, तीन आठवड्यांनी तारीख मिळेल, असं सांगितलं गेलं तर थांबू नका. बाहेरचा पहिला शेक ज्या दिवशी बसला तिथपासून आतला शेवटचा डोस होईपर्यंत सगळं आठ आठवड्यांत आटपायला हवं. उपचार लांबले की उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला अवधी मिळतो. तुमचे जवळपास सहा आठवडे गेले आहेत. चार डोस साधारण दोन आठवड्यांत बसतात, आणि काही ठिकाणी एकदा नळ्या बसवून दोन डोस देतात. म्हणजे हाताशी फारसे दिवस नाहीत. वेळेवर सीटीने झालेले उपचार उशिराच्या एमआरआयपेक्षा मला जास्त पसंत आहेत. या आठवड्यातच फोन करून चारही तारखा मागून घ्या.

या सगळ्याचा उपयोग किती होतो? एम्ब्रेस नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २००८ ते २०१५ या काळात एमआरआय पाहून ब्रेकीथेरपी घेतलेल्या १३४१ स्त्रियांची माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली. लहान गाठीपासून शेजारच्या अवयवांत शिरलेल्या गाठीपर्यंत सगळे टप्पे त्यात होते. पाच वर्षांनी ९२ टक्के जणींमध्ये ओटीपोटातली मूळ जागा आजारमुक्त राहिली होती. हा आकडा फक्त मूळ जागेचा आहे. आजार दुसरीकडे जाण्याची शक्यता वेगळी असते आणि तुमच्या लसिकाग्रंथींची स्थिती पाहून तुमचे डॉक्टरच त्याबद्दल बोलू शकतील. गंभीर त्रासही मोजले गेले: पाच वर्षांत लघवीच्या मार्गाचे ६.८ टक्के, आतड्यांचे ८.५ टक्के, योनीचे ५.७ टक्के. त्रास शून्यावर येत नाहीत, हे तुम्हाला माहीत असावं.

आता त्या धास्तीबद्दल. तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण माझ्या मते ती या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. ही भीती बाळगणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि ती बोलून दाखवायला लाज वाटायचं काहीच कारण नाही.

त्या दिवशी उपाशीपोटी बोलावतील. कमरेत किंवा पूर्ण भूल देतील. पाय वर घेऊन नळ्या बसवण्याचं काम भुलेखालीच होतं, आणि ते झालं की पाय खाली, सरळ, अंगावर चादर. पुढचे तास तुम्ही तशा स्थितीत नसता. पाठीवर झोपलेल्या असता, पूर्ण झाकलेल्या. फक्त कुशीवर वळायचं नाही आणि कंबर उचलायची नाही, कारण नळी हलली तर चित्राचा उपयोग संपतो. एमआरआयला साधारण अर्धा तास. आवाज मोठा असतो, कानात बोळे किंवा हेडफोन देतात, हातात एक रबरी फुगा असतो, तो दाबला की लगेच कुणीतरी येतं. बंद जागेची भीती वाटत असेल तर पाय आधी आत सरकवता येतील का हे विचारा. ओटीपोटाच्या एमआरआयसाठी ते बहुधा जमतं. मग डॉक्टर आणि डोसचा हिशेब करणारे फिजिसिस्ट चित्रावर आखणी करायला बसतात, त्याला काही तास लागू शकतात. या दिवसातली कंटाळवाणी वेळ तीच. तुम्हाला वाटेल की विसरले मला. त्या वेळात ते तुमच्या मूत्राशयाचा काठ आखत असतात. डोस प्रत्यक्ष द्यायला मात्र बहुधा दहा ते वीस मिनिटं पुरतात.

भूल उतरली की कळा, कंबरदुखी, दाब जाणवतो. दुखणं सोसण्यात काही कमाई नाही. 'एमआरआयला नेण्याआधी आणि नळ्या काढताना मला वेदनाशामक काय देणार?' हे भुलेच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा, आणि उत्तर गोलमाल वाटलं तर पुन्हा विचारा. नळ्या काढतानाची वेदना थोडा वेळच असते, पण औषध न देता त्या काढल्या गेल्या की पुढच्या तीन वेळांची दहशत मनात बसते.

खोलीत कोण असेल हेही विचारा. भूलतज्ज्ञ, नर्स, किरणोपचाराचे डॉक्टर लागतातच. शिकणारे विद्यार्थी असतील आणि तुम्हाला ते नको असतील तर तसं आधी सांगा, हा तुमचा हक्क आहे. शक्य तिथे स्त्री कर्मचारी असाव्यात, एका जागेतून दुसरीकडे नेताना दोन चादरी असाव्यात, स्ट्रेचरवर असताना अनोळखी माणसांच्या रांगेत ठेवू नये, हे मागणं अवाजवी नाही. वाट पाहायच्या तासांत बहीण किंवा मुलगी जवळ बसू शकते का, तेही विचारून ठेवा. फक्त डोस चालू असताना खोलीत तुम्ही एकट्या असता, आणि कॅमेऱ्यातून बाहेरचे तुम्हाला पाहत, बोलत असतात.

नातीला त्याच संध्याकाळी जवळ घ्या. तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून हे उपचार एचडीआर पद्धतीचे, म्हणजे थोड्या मिनिटांत मोठा डोस देणारे दिसतात. त्यात बारीक तारेच्या टोकावरचा इरिडियमचा कण मशीनमधून नळीत येतो, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि तिजोरीत परत जातो. तुमच्या अंगात काहीही उरत नाही. लघवी, घाम, भांडी, अंथरूण, कशातूनही कुणाला किरण लागत नाहीत. फक्त पहिले एक-दोन दिवस तिला कडेवर घेऊन फिरू नका, तुमच्या अंगात त्राण नसेल म्हणून.

चौथ्या डोसनंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणी होते आणि बहुधा एमआरआयही. त्याआधी काढला तर सूज आणि उरलेली गाठ यांत गल्लत होऊ शकते, म्हणून घाई करू नका. मधल्या काळात लघवीला जळजळ आणि शौचाला वारंवार जाणं होईल, ते बहुतेकदा ओसरतं. पण काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनीही शौचातून किंवा लघवीतून रक्त दिसलं तर ते मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका, आणि कुठेही तपासणीला गेलात तरी आधी किरणोपचार झाल्याचं सांगा.

योनीचा मार्ग हळूहळू आखडू शकतो. पुढच्या तपासण्या नीट व्हाव्यात यासाठी तो मोकळा राहणं गरजेचं असतं, शरीरसंबंध ठेवायचे असोत वा नसोत. त्यासाठी डायलेटर, म्हणजे योनीत घालायच्या गुळगुळीत कांड्या मिळतात आणि ते कधीपासून, कसे वापरायचे याची पद्धत आहे. कोरडेपणासाठी मलम असतं. पाळी एकदम बंद झाल्याने अंगात वाफा येतील, झोप उडेल, त्यावरही उपाय आहेत. गर्दीच्या ओपीडीत हे विषय डॉक्टरांकडून राहून जातात आणि रुग्णाला विचारवत नाही. तुम्ही तिसऱ्या डोसच्या दिवशीच नर्सला विचारा, म्हणजे चौथ्या डोसनंतर घरी जाताना डायलेटर आणि ते वापरण्याच्या सूचना तुमच्या हातात असतील.